वीतभर पाणी

खात्यानं विचारलंय : फाटक उघडायला किती बल लागतं?
लॉक सांभाळणाऱ्या बाईचं वय अडुसष्ट,
डावा खांदा एकदा निखळून बसवलेला,
तेव्हा विजेचा विंच द्यावा की नाही, आकड्यात कळवा.
म्हणून मी, लोर्कन, सहा महिन्यांचा उमेदवार,
डब्लिनहून सायकल रेल्वेत घालून
किल्डेअरच्या या सपाट, ओलसर मुलखात उतरलो.
खिशात टेप, वही, आणि आईनं दिलेलं सँडविच.

फाटक ओकचं. रुंदी दोन मीटर चाळीस.
त्याच्या माथ्यावरून मागे काठावर आलेली जाड तुळई,
ती ढकलली की फाटक फिरतं :
बिजागरी हा टेकू, तुळई ही तरफ,
पहिल्या वर्षाचं गणित.
‘भुजा कुठवर धरू?’ मी विचारलं.
डिंप्ना हॅकेट काही बोलली नाही.
तुळईच्या टोकाशी जाऊन तिनं बोट ठेवलं,
जिथे लाकूड काळं, गुळगुळीत, किंचित खोलगट झालेलं.
तिची पाठ. तिच्या आधी सासऱ्याची.
त्याच्या आधी कुणाकुणाची, तिलाही ठाऊक नाही.
टेप तिथे टेकवला.
तीन मीटर साठ.

लॉकमध्ये पाणी चढत होतं,
वरच्या कालव्यापेक्षा अजून वीतभर खाली.
मॅलॅकीची होडी पीटची पोती घेऊन खोळंबलेली.
मी मांडायला बसलो :
वीतभर म्हणजे वीस सेंटिमीटर,
तेवढ्या फरकाचा दाब, दोन मीटर बुडालेल्या फळ्यांवर,
सगळा मिळून एक टनाचा रेटा,
फाटकाच्या मध्यावर एकवटलेला.
बिजागरीभोवती आघूर्ण बारा हजाराच्या आसपास.
भागिले तीन पूर्णांक सहा,
तीन हजार तीनशे न्यूटन.
एक माणूस पाठ लावून तीनशे देईल, फार तर.

‘अकरा माणसं लागतील,’ मी म्हणालो.
‘अकरा माणसं,’ ती म्हणाली,
‘इथे रविवारी चर्चलाही जमत नाहीत.’

मग मीच पाठ लावली.
पायांखाली पाव वर्तुळात विटांचे उंचवटे,
टाचा रोवायला कुणीतरी कधीच रचलेले,
काटकोन सुटू नये इतके बेतशीर.
दात आवळले. कानात रक्त वाजलं.
तुळई म्हणजे तुळई, ती तशीच राहिली.
मॅलॅकीनं सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

ती खुंटावर बसून फ्लास्कमधला चहा पीत होती.
‘ऐक,’ म्हणाली.
फाटकांच्या फटीतून पाणी खळखळत होतं,
मग नुसतं बडबडत,
मग पुटपुटत,
मग एक पान फटीशी आलं आणि तिथेच थांबलं,
जायचं कुठे हे विसरल्यासारखं.

ती उठली. कप हातातच.
खोलगट जागेला उजवी बाजू लावून मागे रेलली,
कुणाची वाट पाहताना भिंतीला रेलावं तशी,
आणि ओकचा तो दरवाजा
उघडला.

मी घाईघाईनं पुन्हा भागाकार केला :
उरलेला फरक बोटभरही नाही, सेंटिमीटर धरू,
एकशे सत्तावन्न न्यूटन.
बटाट्याचं अर्धं पोतंही नाही.

फॉर्मवर रकाना एकच : लागणारं बल.
दोन्ही आकडे बरोबर,
त्यांच्यामध्ये फक्त चहा प्यायचा वेळ,
आणि स्थितिशास्त्रात वेळेला अक्षरच नाही.
मला ते सुंदर वाटलं. मी तसं बोलूनही गेलो,
संयम, पाणी, समतोल असं काहीतरी.

तिनं कपातला गाळ गवतावर ओतला.
‘तीन हजार तीनशे लिही.
हिवाळ्यात दिवसाला नऊ होड्या असतात
आणि सगळ्यांना घाई असते.
इथे येणाऱ्या प्रत्येकाला ही तुळई आवडते.
पाठ माझी आहे.’

लिहिलं. खाली सही केली.

होडी गेल्यावर फाटक परत लावायचं होतं.
मी लावतो म्हणालो, तुळईच्या या बाजूला आलो.
इथेही एक खोलगट जागा होती.
ती माझ्या मणक्यांना चार बोटं खाली लागली.